विश्लेषण : विजेच्या आर्कला गणितात बसवणाऱ्या हर्था एअर्टन कोण होत्या?

सबस्टेशनमधले ११ केव्हीचे पॅनेल, कारखान्याचा मुख्य स्विचबोर्ड, सोसायटीच्या तळमजल्यावरची मीटर रूम. या तिन्ही ठिकाणी सर्वांत घातक बिघाड एकच असतो. सैल पडलेला जोड, ओलावा, आत शिरलेली पाल किंवा उंदीर, दुरुस्तीनंतर आत विसरलेला पाना असे काहीही निमित्त होते आणि दोन धातूंमधल्या हवेतूनच वीज वाहू लागते. याला आर्क म्हणतात. त्याचे तापमान २० हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. तांबे वितळून थांबत नाही, त्याची वाफ होते आणि पॅनेलचे दार उडते. समोर उभ्या असलेल्या वायरमनला मागे सरायलाही वेळ मिळत नाही. आज असा आर्क काही हजारांश सेकंदांत ओळखणारी यंत्रणा बाजारात आहे. पण आर्क हा बेभरवशाचा स्फोट नसून त्याला ठरावीक नियम आहेत, हे प्रथम पद्धतशीरपणे मांडले ते १२५ वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका महिलेने. हर्था एअर्टन हे तिचे नाव. आर्कवरचा तिचा निबंध वाचायला ज्या संस्थेने तिला व्यासपीठ दिले नाही, त्याच संस्थेला पाच वर्षांनी तिचे पदक जाहीर करावे लागले. त्या प्रवासाविषयी…

आर्क म्हणजे काय?

हवा एरवी विजेला अडवते. पण दोन टोकांमधला विद्युतदाब पुरेसा वाढला, किंवा वीज वाहत असतानाच जोड सुटला, तर मधल्या हवेचे कण फुटतात आणि हवेचाच वाहक बनतो. एकदा हा झोत पेटला की तो टिकायला फारसा दाब लागत नाही. रात्री विजेच्या खांबावर जंपर सैल झाल्यावर दिसणारी निळसर ठिणगी, प्लग घाईने ओढला की दिसणारा झटका, वेल्डिंगच्या दुकानातला डोळे दिपवणारा प्रकाश, हे सारे त्याच कुटुंबातले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हम्फ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये दोन कोळशांच्या टोकांमध्ये असा झोत पेटवून दाखवला. पुढे त्याचाच दिवा झाला. घरगुती बल्ब येण्याआधी युरोपातले मोठे रस्ते, रेल्वे स्थानके आणि दीपगृहे आर्क दिव्यांनी उजळली. आपल्याकडच्या जुन्या वाचकांनी हा दिवा प्रत्यक्ष पाहिला नसला तरी त्याच्या उजेडात सिनेमा नक्की पाहिला असेल. तंबूतल्या टॉकीजपासून शहरातल्या एकपडदा चित्रपटगृहांपर्यंत प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्याच जळत असत. कांडी झिजली की पडदा पिवळा पडायचा, प्रेक्षक ओरडायचे आणि ऑपरेटर धावत जाऊन दोन टोकांमधले अंतर नीट करायचा. त्या ऑपरेटरची जी कटकट होती, तीच हर्था एअर्टन यांच्या संशोधनाचा विषय झाली.

पोर्टसीची सारा लंडनला कशी पोहोचली?

२८ एप्रिल १८५४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टसी येथे तिचा जन्म झाला. नाव फीबी सारा मार्क्स. वडील लेव्ही मार्क्स पोलंडमधून आलेले ज्यू, घड्याळे दुरुस्त करून पोट भरणारे. आई ॲलिस शिवणकाम करत असे. सारा सात वर्षांची असताना वडील वारले. मागे कर्ज, सात मुले आणि आठवे पोटात. अशा घरातली मोठी मुलगी म्हणजे धाकट्यांची दुसरी आईच. तिचे शिक्षण तिथेच संपले असते तर कोणालाही नवल वाटले नसते.

पण लंडनमध्ये तिची मावशी शाळा चालवत होती. नऊ वर्षांच्या साराला आपल्याकडे पाठव, असे तिने सुचवले. आईने मुलीला पाठवले. हाताखालची मोठी मुलगी देऊन टाकणे त्या आईला किती जड गेले असेल, याचा अंदाज बांधता येतो. मावशीच्या घरी साराला फ्रेंच आणि संगीत मिळाले, मावसभावाकडून गणित आणि लॅटिनही. सोळाव्या वर्षी ती श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरी करू लागली आणि आईला पैसे पाठवू लागली.

याच काळात तिने धर्म बाजूला ठेवला आणि नावही बदलले. ओटिली ब्लाइंड या मैत्रिणीने तिला ‘हर्था’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव कवी स्विनबर्न यांच्या त्या काळी गाजलेल्या कवितेतल्या भूदेवतेचे. तेच तिला आयुष्यभर चिकटले.

केंब्रिजने पदवी का दिली नाही?

महिलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या बार्बरा बोडिचन यांच्याशी हर्थांची ओळख झाली आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. बोडिचन या केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी फीची व्यवस्था केली, ओळखीपाळखी करून दिल्या. कादंबरीकार जॉर्ज इलियट यांनीही हर्थांच्या प्रवेशाला पाठबळ दिले. इलियट तेव्हा ‘डॅनियल डेरोंडा’ लिहीत होत्या. त्यातल्या मिराह या ज्यू तरुणीच्या व्यक्तिरेखेत हर्थांची छटा आहे, असे मानले जाते.

गर्टनमध्ये त्यांनी गणित घेतले. शिवाय नाडीचे ठोके नोंदवणारे यंत्र बनवले, गायनमंडळ चालवले आणि महाविद्यालयात मुलींचे अग्निशमन दल उभे केले. पुढे आगीशी खेळणाऱ्या बाईंची ही सुरुवात लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८८० मध्ये त्यांनी केंब्रिजची गणिताची ट्रायपॉस परीक्षा दिली. गुण काही फार चांगले नव्हते, तिसरा वर्ग मिळाला. पण पहिला वर्ग मिळवूनही फरक पडला नसता. त्या काळी केंब्रिज महिलांना प्रमाणपत्र देई, पदवी देत नसे. पूर्ण पदवी द्यायला या विद्यापीठाने १९४८ साल उजाडू दिले. हर्थांनी मग लंडन विद्यापीठाची परीक्षा बाहेरून दिली आणि १८८१ मध्ये बीएस्सी झाल्या.

पोटासाठी शिकवणी आणि भरतकाम चालूच होते. त्यातच त्यांनी एक साधे उपकरण तयार केले. कोणत्याही रेषेचे हवे तितके समान भाग पाडणारे. आराखडे काढणारे, चित्रकार, वास्तुविशारद यांच्या ते उपयोगाचे होते. १८८४ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आयुष्यभरात त्यांच्या नावावर २६ पेटंटे जमा झाली, त्यातली १३ आर्क दिवे आणि त्यांच्या कांड्यांची होती.

विल्यम एअर्टन आणि भारतीय तारखाते यांचा संबंध काय?

१८८४ मध्येच हर्था फिन्सबरी टेक्निकल कॉलेजात विजेच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. वर्ग घेणारे प्राध्यापक विल्यम एअर्टन विधुर होते. त्यांच्या पहिल्या पत्नी माटिल्डा चॅप्लिन या एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी लढलेल्या पहिल्या सात महिलांपैकी एक. विल्यम स्वतः १८६८ मध्ये भारतीय तारखात्यात नोकरीला आले होते. शेकडो मैल पसरलेल्या तारेत बिघाड नेमका कुठे झाला आहे, हे दोन टोकांवरच्या मोजमापांवरून ठरवण्याच्या पद्धतीवर त्यांनी इथे काम केले. माणूस पाठवून खांबन् खांब तपासण्याऐवजी मोजून बिघाड शोधायचा, ही दृष्टी त्यांना भारतातल्या नोकरीत मिळाली, असे म्हणायला हरकत नाही. नंतर त्यांनी काही वर्षे टोकियोत शिकवले.

१८८५ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचे नाव बार्बरा बोडिचन यांच्यावरून बार्बरा ठेवले. सावत्र मुलगी एडिथही घरात होतीच. संसार, मुली, आजारपणे यांत पुढची काही वर्षे गेली. बोडिचन यांनी मृत्युपत्रात हर्थांसाठी पैसे ठेवले, त्यातून घरकामाला माणूस ठेवता आले आणि प्रयोगशाळेसाठी वेळ निघाला. संशोधनाच्या इतिहासात या घरकामाच्या पगाराची नोंद सहसा कोणी करत नाही, म्हणून इथे मुद्दाम.

आर्कच्या शिसकारीचे रहस्य कसे उलगडले?

आर्कवरचे प्रयोग मुळात विल्यम यांचे. १८९३ मध्ये ते शिकागोच्या विद्युत परिषदेला गेले असताना हर्थांनी ते पुढे चालवले. विल्यम यांच्या निबंधाचे हस्तलिखित तिकडे एका नोकराने चूल पेटवायला वापरले, असे सांगितले जाते. काहीही असो, त्यानंतर विल्यम त्या विषयाकडे वळले नाहीत. हर्थांनी प्रयोग मुळापासून नव्याने केले.

त्या वेळी आर्कबद्दलची मोजमापे एकमेकांशी जुळत नसत. एक संशोधक एक आकडा सांगे, दुसरा वेगळाच. हर्थांच्या लक्षात आले की कांडी पेटवल्यावर लगेच घेतलेले माप निरुपयोगी असते. कार्बनच्या टोकांना स्थिर आकार यायला वेळ लागतो, तोवर थांबले पाहिजे. त्या थांबल्या. विद्युतप्रवाह आणि दोन टोकांमधले अंतर, यांतले एक स्थिर ठेवून दुसरे बदलत त्यांनी मापांच्या रांगाच्या रांगा नोंदवल्या. त्यातून निघालेले समीकरण आजही एअर्टन समीकरण म्हणून ओळखले जाते.

सूत्र न लिहिता त्याचा अर्थ असा. त्यांच्या कार्बन कांड्यांमध्ये आर्क टिकवायला सुमारे ३९ व्होल्ट ही जणू प्रवेश फी. अंतर दर मिलिमीटरने वाढले की त्यात साधारण २ व्होल्टची भर. आणि तिसरा भाग असा, जो प्रवाह वाढला की कमी होत जातो. हा तिसरा भाग सर्वांत विचित्र. साध्या तारेत प्रवाह वाढवायचा तर दाब वाढवावा लागतो. आर्कमध्ये उलटे घडते. प्रवाह जितका जास्त, तितका दाब कमी पुरतो. म्हणजे आर्कला बाहेरून कोणी आवर घातला नाही तर तो स्वतःहून वाढत जातो. पॅनेलमधल्या आर्कचा सारा धोका या एका गुणात आहे.

दुसरे कोडे आवाजाचे. आर्क शांत जळत असताना प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढवला की एकाएकी सुऽऽ असा आवाज सुरू होई, प्रकाश लडबडे आणि दाब सुमारे १० व्होल्टने खाली कोसळे. रस्त्यावरच्या दिव्यांचा हा त्रास सर्वांना माहीत होता, कारण कोणालाच ठाऊक नव्हते. हर्थांनी कांडीचे टोक नीट पाहिले. धन कांडीच्या टोकावर आर्कमुळे खळगा पडतो, तिथे कार्बन साडेतीन हजार अंशांच्या पुढे तापलेला असतो. आर्क शांत असताना कार्बनच्या वाफेचे आवरण त्या खळग्याला हवेपासून झाकून ठेवते. प्रवाह वाढला की खळगा पसरतो, टोकावर मावेनासा होऊन बाजूवर चढतो, आणि उघड्या पडलेल्या भागाला हवेतला ऑक्सिजन थेट भिडतो. तिथला कार्बन जळू लागतो. शिसकारी ती तिथली.

हे त्यांनी अंदाजाने सांगितले नाही. आर्क बंद भांड्यात पेटवून हवा येऊ दिली नाही, तर दाबातली ती अचानक घट नाहीशी झाली. शांत आर्कच्या खळग्यावर ऑक्सिजन सोडला, तर शिसकारी सुरू झाली. घड्याळवाल्याच्या मुलीला शोभेल असा हा तपास होता. प्रत्येक भाग सुटा करायचा आणि कोणता आवाज कोणत्या चाकाचा ते पाहायचे.

संस्थांनी त्यांना कशी वागणूक दिली?

मार्च १८९९ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनीअर्समध्ये त्यांनी शिसकारीवरचा निबंध स्वतः वाचला. तिथे स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला. दोनच दिवसांत संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. या बाबतीत अभियंते शास्त्रज्ञांच्या पुढे होते, हे मान्य करायला हवे. अर्थात, दुसरी महिला सदस्य व्हायला १९५८ साल उजाडले.

रॉयल सोसायटीचा कारभार निराळा. १९०१ मध्ये आर्कच्या यंत्रणेवरचा त्यांचा निबंध तिथे वाचला गेला, पण वाचणारे होते विल्यम यांचे सहकारी जॉन पेरी. कारण महिलेला सभेसमोर वाचण्याची मुभा नव्हती. १९०२ मध्ये त्यांचा ‘द इलेक्ट्रिक आर्क’ हा ग्रंथ आला आणि लगेच या विषयाचा आधारग्रंथ ठरला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवण्यात आले. सोसायटीने वकिलांचा सल्ला घेतला. सल्ला असा आला की विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नाही, त्यामुळे ती सदस्य होऊ शकत नाही. अर्ज बाद. संशोधनावर आक्षेप नव्हता.

१९०४ मध्ये मात्र सोसायटीत स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. विषय वेगळाच होता, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उमटणाऱ्या लाटांसारख्या नक्षीचा. पतीच्या आजारपणामुळे किनाऱ्यावरच्या गावात राहावे लागले, तिथे विजेची प्रयोगशाळा नव्हती. मग त्यांनी पाणी आणि वाळू घेऊन काम सुरू केले. १९०६ मध्ये आर्क आणि वाळूची नक्षी या दोन्ही कामांसाठी सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले. म्हणजे पदक घ्यायला त्या व्यक्ती होत्या, सदस्य व्हायला नव्हत्या.

याच सुमारास नौदलाच्या सर्चलाइटसाठी कोणत्या कार्बन कांड्या वापराव्यात, हे ठरवण्याचे काम एअर्टन दाम्पत्याकडे आले. सुरुवातीचा अहवाल विल्यम यांच्या नावाने गेला, काम बहुतांशी हर्थांचे होते. १९०८ मध्ये विल्यम वारले. आपली पत्नी आपल्यापेक्षा चांगली संशोधक आहे, असे विल्यम यांचे मत होते. तिच्या कामाला आपले नाव चिकटू नये म्हणून ते मुद्दाम तिच्यासोबत निबंध लिहायचे टाळत.

मेरी क्युरींशी मैत्री आणि मताधिकाराची चळवळ

मेरी क्युरी यांच्याशी त्यांची भेट १९०३ मध्ये झाली. रेडियमचा शोध वृत्तपत्रे पिएर क्युरींच्या नावावर खपवत, तेव्हा हर्थांनी १९०९ मध्ये जाहीर पत्र लिहून ती चूक दाखवून दिली. त्यांना हा अनुभव नवा नव्हताच. १९१२ मध्ये फ्रान्समधल्या बदनामीच्या मोहिमेने आणि आजाराने खचलेल्या मेरी मुलींसह इंग्लंडला आल्या, तेव्हा हर्थांनी त्यांना समुद्राकाठच्या घरात ठेवून घेतले. माहेरच्या नावाने, वार्ताहरांना पत्ता लागू न देता.

महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या १९०७ पासून उघडपणे होत्या. १९१० मध्ये पार्लमेंटवर गेलेल्या ज्या शिष्टमंडळावर पोलिसांनी हात टाकला, त्यात त्या होत्या. १९११ च्या जनगणनेवर त्यांनी बहिष्कार घातला. तुरुंगात उपोषण करून अर्धमेल्या झालेल्या एमेलिन पँकहर्स्ट यांची शुश्रूषा त्यांच्या घरी झाली, बाहेर पोलिसांचा पहारा असताना. मुलगी बार्बराही तुरुंगात गेली.

आजची आर्क शोधक यंत्रणा कशी काम करते?

आता पुन्हा पॅनेलकडे वळू. ब्रेकर आणि रिले असताना आर्कसाठी वेगळी यंत्रणा कशाला, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर हर्थांच्या समीकरणातच आहे. आर्क स्वतःसाठी काही दाब राखून ठेवतो, म्हणजे तो परिपथात एक अडथळा बनतो. दोन तारा धातूने थेट जोडल्या गेल्या तर जितका प्रवाह वाहील, त्यापेक्षा आर्कमधून कमी वाहतो. ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये तो निम्म्यापर्यंतही उतरू शकतो. ओव्हरकरंट रिले प्रवाह पाहून वेळ ठरवतो. प्रवाह कमी, तर रिले जास्त वेळ थांबतो. जळणाऱ्या माणसासाठी तोच वेळ महत्त्वाचा, कारण आर्कची ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते. साधारण हिशेब असा सांगितला जातो की ३५ मिलिसेकंदांत आर्क विझला तर नुकसान नगण्य, १०० मिलिसेकंदांत मर्यादित, अर्ध्या सेकंदात पॅनेल भंगारात.

म्हणून आर्क रिले प्रवाहाबरोबर प्रकाश पाहतो. पॅनेलच्या प्रत्येक कप्प्यात छोटे भिंगासारखे संवेदक बसवतात किंवा प्रकाशतंतूचे वेटोळे फिरवतात. आर्क पेटताच त्यातून रिलेपर्यंत उजेड पोहोचतो. पण नुसत्या उजेडावर भरवसा ठेवला तर दुरुस्तीवाल्याच्या टॉर्चने किंवा मोबाइलच्या फ्लॅशने अख्ख्या भागाची वीज जाईल. त्यामुळे उजेड आणि प्रवाहातली उसळी, दोन्ही एकदम दिसली तरच आदेश जातो. हा निर्णय एक-दोन मिलिसेकंदांत होतो. खरा वेळ जातो तो ब्रेकर उघडण्यात, ५० ते ८० मिलिसेकंद. तेवढेही परवडत नाही तिथे शेजारीच मुद्दाम धातूचा शॉर्ट करून आर्कचा दाब हिरावून घेणारी साधने असतात. दाब गेला की आर्क विझतो. हाही पुन्हा त्याच प्रवेश फीचा हिशेब.

आर्क पेटण्याआधी चाहूल घेण्याचेही मार्ग आहेत. सैल जोड गरम होतो, तो थर्मल कॅमेऱ्यात दिसतो. इन्सुलेशन कमकुवत झाले की आत बारीक विसर्ग सुरू होतात. त्यांचा आवाज माणसाच्या कानाच्या वरच्या पट्टीतला असतो, तो अल्ट्रासॉनिक संवेदक टिपतो. आवाज ऐकून आर्कच्या आत काय चालले आहे ते ओळखायचे, ही रीत १८९९ पासूनचीच.

घरातल्या वायरिंगची गोष्ट निराळी. भिंतीतल्या वायरचा जोड सुटला तर आर्क छोटा असतो, प्रवाह एमसीबीला कळण्याइतका वाढतच नाही, आणि वायरचे आवरण मात्र हळूहळू कोळसा होत जाते. एसी विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. दर वेळी आर्क विझतो आणि दाब पुरेसा चढला की पुन्हा पेटतो. त्यामुळे प्रवाहाच्या लहरीला दर वेळी एक सपाट खांदा पडतो आणि वर उच्च वारंवारतेची कुजबुज उमटते. आर्क फॉल्ट ओळखणारे उपकरण नेमके हे शोधते. मिक्सर, ड्रिल यांच्या कार्बन ब्रशमधल्या निरुपद्रवी ठिणग्या आणि वायरमधला आर्क यांतला फरक ओळखणे, हीच त्याची खरी कसोटी. अमेरिकेच्या विद्युत नियमावलीत अशी उपकरणे १९९९ च्या आवृत्तीपासून आली.

लहरीचा असा आकार पाहण्याचे पहिले चांगले साधन, म्हणजे ऑसिलोग्राफ, विल्यम एअर्टन यांचे विद्यार्थी विल्यम डडेल यांनी १८९७ मध्ये बनवले आणि त्यावर एसी आर्क तपासले. याच डडेल यांनी आर्कमधून संगीताचे सूर काढून दाखवले होते.

छतावरच्या सौर पॅनेलांची वीज डीसी असते. तिथे शून्याचा तो क्षण येतच नाही, एकदा पेटलेला आर्क जळतच राहतो. हर्थांच्या प्रयोगशाळेतला आर्कही बहुतेक डीसीच होता. त्यांचे आकडे कार्बनच्या कांड्यांचे आणि छोट्या अंतराचे, ते तांब्याच्या पट्ट्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि आजचे अभियंते त्यासाठी नवी सूत्रे वापरतात. पण डीसी आर्कच्या ऊर्जेच्या गणिताचा आढावा घेताना सुरुवात अजूनही एअर्टन समीकरणापासून होते.

वीज अपघातांच्या चर्चेतही भर दीर्घकाळ शॉकवरच राहिला. स्पर्श न करताही काही फुटांवरून आर्क माणसाला प्राणघातक भाजू शकतो, हे अमेरिकी अभियंता राल्फ ली यांनी १९८२ मध्ये हिशेबासह मांडले, तेव्हा कुठे सुरक्षेचे नियम त्या दिशेने सरकू लागले.

शेवटची वर्षे कशी गेली?

एप्रिल १९१५ मध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. हर्था तेव्हा एकसष्टाव्या वर्षात होत्या. वाळूच्या नक्षीच्या अभ्यासात त्यांनी पाण्यातले भोवरे ओळखले होते. हवेत तसेच भोवरे उठवून खंदकातला वायू मागे लोटता येईल, असे त्यांना वाटले. त्यांनी दिवाणखान्यात धूर करून छोट्या प्रतिकृतींवर प्रयोग केले आणि लाकडी दांड्याचा, कॅनव्हासच्या पात्याचा हातपंखा तयार केला. युद्धखात्याने आधी दाद दिली नाही. शेवटी १ लाख ४ हजार पंखे पश्चिम आघाडीवर गेले. त्यांचा उपयोग किती झाला यावर सैनिक आणि अधिकाऱ्यांत मतभेद राहिले. नीट शिकवून वापरला तर पंखा चालतो, असे हर्थांचे म्हणणे होते. घाईत, गोळीबारात नीट शिकवणार कोण, हा प्रश्न उरतोच.

२६ ऑगस्ट १९२३ रोजी ससेक्समधल्या नॉर्थ लान्सिंग येथे त्यांचे निधन झाले. कारण होते कीटकाच्या चाव्यातून रक्तात झालेला संसर्ग. ‘नेचर’ नियतकालिकात रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी लिहिलेला मृत्युलेख कुत्सित होता. त्यांनी नवऱ्याची नीट काळजी घेतली असती तर बरे झाले असते, असाच त्याचा रोख होता. नाव देणाऱ्या मैत्रिणीने, ओटिलीने, दोन वर्षांनी गर्टन महाविद्यालयात हर्थांच्या नावाने संशोधनवृत्ती सुरू केली.

रॉयल सोसायटीने पहिल्या महिला सदस्य निवडल्या १९४५ मध्ये. त्याच वर्षी बार्बरा मजूर पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून आल्या. ह्यूज पदक दुसऱ्या महिलेला मिळाले २००८ मध्ये, अवकाश भौतिकशास्त्रज्ञ मिशेल डोहर्टी यांना. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या नॉरफोक स्क्वेअरमधल्या ४१ क्रमांकाच्या घरावर हर्था एअर्टन यांच्या नावाची निळी पाटी लागली.